बावखलाच्या तळाचा गोळा

मी चिखलाचा गोळा बोलतोय. नाक मुरडायचं असेल तर मुरडून घ्या, मग पुढे सांगतो. आणि खिशात चुंबक असेल तर तो आधी बाहेर ठेवून या.

थट्टा नाही करत. माझ्या अंगात चुंबकत्व आहे असं कळलं की प्रत्येक शहाणा पहिलं काम हेच करतो. कुठूनतरी चुंबक आणतो, माझ्या पोटाला लावतो, आणि मी चिकटलो नाही की असं तोंड करतो जसं काही मीच त्याला फसवलं. अहो, टाचण्या ओढायला मी काय शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे? माझं काम वेगळं आहे. मी दिशा धरून ठेवतो. निदान ठेवत होतो.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुमचा गोंधळ व्हायचा.

तुंगारेश्वरच्या डोंगरातला काळा खडक माझा आजोबा म्हणा. ऊनपावसाने तो झिजला, त्याचं पीठ ओढ्यानाल्यांतून खाडीत आलं आणि खाडीतून समुद्रात. त्या पिठात मॅग्नेटाइट नावाच्या खनिजाचे कण होते. काळे, आणि इतके बारीक की तुमच्या डोळ्याला दिसायचे नाहीत. आज वसईत जिथे केळीच्या बागा आणि बंगले आहेत तिथे तेव्हा उथळ, शांत समुद्र होता. कण पाण्यातून सावकाश खाली उतरायचा, उतरता उतरता होकायंत्राच्या सुईसारखा उत्तरेकडे वळायचा आणि तसाच गाळात रुतून बसायचा. वर दुसरा थर पडला की झालं, त्याला हलायला जागा नाही.

तुम्ही म्हणाल, उत्तर दिशा काय, सगळ्यांनाच ठाऊक असते. इथेच तुमची चूक होते. होकायंत्राची सुई आज जिकडे बघते तिकडेच ती हजारो वर्षांपूर्वी बघत नव्हती. ती आपली जागा सोडून सावकाश इकडेतिकडे सरकत असते. कुठल्या काळी ती कुठे होती, याची आठवण ठेवायला तेव्हा तुमच्यातला कोणी मोकळा नव्हता. ती आम्ही ठेवली, आणि कोणी शाबासकी द्यावी म्हणूनही ठेवली नाही.

समुद्र मागे गेला. वर वाळू आली, मग माती आली, मग माणसं आली आणि माझी शांतता गेली.

या माणसांनी वाडीत बावखल खणलं. बावखल म्हणजे बागेला पाणी द्यायचं गोड्या पाण्याचं तळं. वसईत एकेकाळी प्रत्येक वाडीला असायचं. आमचं बावखल पास्कलचं. दर उन्हाळ्यात तो त्याचा गाळ उपसायचा आणि केळींच्या बुंध्याशी टाकायचा. माझे वरचे कितीतरी भाऊबंद त्या केळींनी खाल्ले. मी तळाशी होतो, म्हणून वाचलो.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात पाणी मचूळ लागायला लागलं. टँकरवाले रात्रंदिवस वसईचं गोडं पाणी उपसून नव्या इमारतींना विकत होते, दुसरं काय होणार? पास्कलने बावखल आणखी खोल करायला घेतलं. तेव्हा त्याची पुतणी जीना खाली उतरली.

ही मुलगी भूशास्त्रात पीएच.डी. करत होती. जुन्या समुद्राच्या गाळातलं चुंबकत्व हा तिचा विषय. वाडीतल्या लोकांना याचा अर्थ विचारला तर ते सांगायचे, ती चिखलाची डॉक्टर होणार आहे. पण एक कबूल करतो, मला हात लावणाऱ्या सगळ्या माणसांत रीतीने वागलेली ती एकटी. तिने लोखंडाची सुरी आणली नाही, पितळेची आणली. मला कापायच्या आधी होकायंत्र ठेवून माझ्या डोक्यावर बांबूच्या काडीने उत्तरेचा बाण कोरला. मग प्लास्टिकच्या डब्यात अलगद बसवलं. सगळ्यात खालच्या थरातला मी एकटाच निघालो. दुसरा गोळा कापेपर्यंत खालून पाणी फुटलं आणि खड्डा भरला.

वरच्या थरांतले गोळे लगेच दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत जाऊन यंत्रावर आपली दिशा मोजून आले. मी फार ओला होतो. जीनाचे मार्गदर्शक दिनानाथ सर म्हणाले, याला हळूहळू घट्ट होऊ दे, घाई केलीस तर तडकेल. तेव्हा मला ओल्या फडक्यात गुंडाळून जीनाच्या खाटेखाली ठेवलं, आणि माझे हाल सुरू झाले.

जीनाचा मोठा भाऊ लेस्ली लग्नाकार्याला स्पीकर पुरवायचा. धंदा चांगला होता, पण सामान ठेवायला जागा नव्हती. मग काय, खाटेखाली! स्पीकरमध्ये हा एवढा चुंबक असतो. तो माझ्या कानाशी आणून ठेवल्यावर माझे कच्चे कण गरगर फिरले. पक्क्या कणांनी दिशा सोडली नाही म्हणून निभावलं. जीनाने ते पाहिलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं. लेस्लीने स्पीकर हलवला आणि वर विचारलं, चिखलाला गाणी ऐकू येतात काय. पाहुणे आले की तोच लेस्ली मला बाहेर काढून दाखवायचा, आणि पाहुण्यांतला कोणीतरी हमखास चुंबक मागायचा.

जीनाची आई रेजिना मात्र माझी काळजी घ्यायची. जीना कॉलेजात शिकवायला गेली की ती फडकं ओलं करून घालायची. पोरीची माती आहे, सुकता कामा नये, एवढंच तिला ठाऊक. माझ्या अंगात काय आहे हे तिने विचारलं नाही, आणि जीनानेही कधी बसून सांगितलं नाही. शिकलेल्या माणसांची ही खोड मला कळत नाही. परक्या परीक्षकासाठी दोनशे पानं लिहितील, पण स्वयंपाकघरात जाऊन दोन वाक्यं बोलणार नाहीत.

नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात जीनाने प्रबंध दिला आणि तो परत आला. एका परीक्षकाने लिहिलं होतं की या मातीला दिशा प्रामाणिकपणे धरता येते हेच मुळात सिद्ध झालेलं नाही. सगळ्यात खालचा थर मोजा. तो वरच्यांशी जुळला तर मान्य करीन, नाहीतर प्रबंध नाकारावा लागेल. म्हणजे जीनाची सगळी वर्षं आता माझ्या एकट्याच्या डोक्यावर आली. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात यंत्रावर तिची पाळी ठरली. दुसरा गोळा काढायचा म्हटलं तर सोय नव्हती, कारण ऑक्टोबरातच पास्कलने बावखल बिल्डरला देऊन टाकलं होतं. डंपर आले, मुरूम पडला, आणि जिथे कमळं होती तिथे सपाट मैदान झालं.

मला मात्र आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. इतक्या हजार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला विचारणार होतं, तेव्हा सुई कुठे होती. उत्तर माझ्याकडे तयार होतं.

आणि नाताळ आला.

रेजिनाच्या घरी नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, बावखलाच्या मातीत करायची रीत होती. तिच्या सासूने तसा केला, सासूच्या सासूने तसा केला. बाजारात थर्मोकोलचे तयार गोठे मिळतात, पण ते ती घरात येऊ देईना. या वर्षी बावखलच नाही, तर माती आणायची कुठून? जीना यंत्रावरच्या पाळीची तयारी करायला त्या संस्थेत गेली होती, चोवीस तारखेला परतणार होती. रेजिना दोन दिवस वाडीभर फिरली, मुरमाच्या कडेने कुठे काही मिळतं का पाहिलं. मग खाटेखाली वाकली.

तिचा हिशेब ऐका. शेजारणीकडून मोठं पातेलं सणापुरतं मागून आणतात की नाही? तसंच पोरीकडून माती घ्यायची आणि सण झाला की जशीच्या तशी परत भरून द्यायची. एक कण कमी करायचा नाही. म्हणून तिने माझ्यातले शिंपल्यांचे तुकडेसुद्धा टाकले नाहीत, वाटीत वेगळे काढून ठेवले. इतकी प्रामाणिक बाई! मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण मला धड कपाळही उरलं नव्हतं.

तिने मला बादलीत भिजवलं. कोपरापर्यंत हात घालून ढवळलं, शिंपले टोचू नयेत म्हणून पार ताकासारखं पातळ केलं. डोक्यावरचा बाण पहिल्या मिनिटात गेला. मग एकेक कण सुटत गेला. जी दिशा मी समुद्र मागे गेला तरी सोडली नाही, लेस्लीच्या स्पीकरसमोर सोडली नाही, ती त्या बादलीत विरघळली. मी ओरडत होतो. रेजिना नाताळचं गाणं गुणगुणत होती.

मग हॉलच्या कोपऱ्यात ठेवलेल्या केळ्यांच्या लाकडी पेटीत पान अंथरून तिने मला ओतलं. मी सावकाश खाली बसलो, वरचं पाणी तिने वाटीने काढलं, आणि त्या सपाट जमिनीवर पेंढ्याचं छप्पर, मेंढपाळ, गाई, मरिया, योसेफ असे सगळे मांडले. बाळ येशूची जागा मध्यरात्रीपर्यंत मोकळी.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी जीना आली. बॅग ठेवली, गोठ्यापुढे गुडघे टेकले, क्रूसाची खूण करायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. मातीचा रंग तिने ओळखला होता. उठून खाटेखाली पाहिलं. रिकामा डबा धुऊन पालथा घातलेला होता.

"आय, ती माती का घेतलीस?"

रेजिना नेवऱ्या, म्हणजे नाताळच्या करंज्या, तळत होती. झारा हातातच ठेवून ती म्हणाली, "तुजी माती कुटं पळून नाय गेली. तीन राजांचा सन झाला का डब्यात परत भरून देते. कन कमी नाय करायची."

"मला माती नको होती," जीना म्हणाली. "ती कशी बसली होती, ते पाहिजे होतं."

रेजिनाला काही कळलं नाही. कळणार कसं? त्या रात्री जीना चर्चमध्ये मिस्साला गेली, आल्यागेल्यांशी हसून बोलली, आणि दुसऱ्या दिवशी दिनानाथ सरांना फोन करून यंत्रावरची पाळी सोडून दिली. मोजायला काही उरलंच नाही, असं म्हणाली. सर बराच वेळ काहीतरी समजावत असावेत, कारण ती नुसतं हो हो म्हणत होती. लेस्लीने एवढंच विचारलं की पेटीतून खरवडून परत डब्यात भरली तर चालणार नाही का. या घरात मला समजून घेणारा एकही इसम निघू नये, याचा मला त्या दिवशी इतका संताप आला की सांगता सोय नाही.

मायलेकींचं बोलणं जेवलीस का, मीठ दे, इतपत उरलं. आणि मी कोपऱ्यात वाळत पडलो होतो. अंगावर तीन राजांचा प्लास्टरचा उंट.

नाताळात लोक घरोघरी गोठे बघायला येतात. एक दिवस शेजारची थेरेसा आली. उजेड नीट पडावा म्हणून तिने पेटी जरा वळवायला हात लावला, तशी रेजिना आतून धावत आली. तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे सहा जानेवारीपर्यंत, गोठा हलवायचा नाही, ही तिची दुसरी रीत.

"हात नको लावूस," ती म्हणाली. "ठेवला त्या दिसापासून कोनी हलवला नाय."

जीना दारात पेपर वाचत होती. तिने पेपर खाली ठेवला. मग आईला विचारलं, माती ओतलीस तेव्हा ती किती पातळ होती, किती वेळ खाली बसत होती, पाणी कसं काढलंस, पेटी कधी उचलली होती का. रेजिनाला वाटलं, पोरगी भांडण उकरून काढतेय. तरी तिने सगळं नीट सांगितलं. जीना उठून गोठ्याजवळ बसली आणि खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली. उंटाकडे नाही, माझ्याकडे.

तिच्या मनात काय आलं ते मला आधी कळलं होतं, कारण माझ्या अंगात ते घडत होतं. मी पाण्यातून शांतपणे खाली बसलो होतो. माझे कण उतरताना वळले होते. सवय हो, जाते थोडीच! समुद्राची उत्तर गेली होती, पण त्या केळ्यांच्या पेटीत मी नवी उत्तर धरली होती, रेजिनाच्या हॉलमधली, त्या डिसेंबरातली. आणि वाळेपर्यंत मला कोणी हलवलं नव्हतं. परीक्षकाने विचारलं होतं, या मातीला दिशा प्रामाणिकपणे धरता येते का. जुन्या समुद्रात सुई कुठे होती हे कोणालाच ठाऊक नाही, पण नव्व्याण्णवच्या नाताळात वसईत ती कुठे होती हे कोणीही होकायंत्र घेऊन सांगेल. मी ती बरोबर सांगितली, तर वरच्या थरातले माझे भाऊबंदही खरं बोलतात, हे मानावं लागेल.

तीन राजांच्या सणानंतर रेजिना झाडू घेऊन आली तेव्हा जीना होकायंत्र आणि बांबूची काडी घेऊन आधीच बसली होती. तिने मेंढपाळ उचलले, माझ्यावर बाण कोरला, पितळेच्या सुरीने कापलं. रेजिनाने रिकामा डबा पुढे केला. जीनाने तो घेतला, पण माती त्यात कोंबून भरली नाही, तेव्हा गोष्ट नुसत्या मातीची नाही अशी रेजिनाला पहिल्यांदा शंका आली असावी.

दिनानाथ सरांनी शब्द टाकला आणि फेब्रुवारीत पुन्हा पाळी मिळाली. यंत्रावरच्या माणसाने मला फिरवलं, आडवं केलं, उभं केलं. माझे जेवढे तुकडे कापले होते तेवढ्या सगळ्यांनी एकच दिशा सांगितली. यंत्रवाला म्हणाला, हा तर आजचा गाळ दिसतो, चुकून आणलात का. जीना म्हणाली, नाही, मुद्दाम आणलाय.

दोन हजार एक साली मुंबईत तिची तोंडी परीक्षा झाली. ती सगळ्यांसाठी खुली असते, म्हणून लेस्लीने स्पीकरचा टेम्पो रिकामा करून आईला आणलं. रेजिना ठेवणीतली साडी नेसून मागच्या रांगेत बसली. मी टेबलावर होतो, उरलेला तुकडा, बाण वर करून. आक्षेप घेणारा परीक्षक वयस्क होता आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच सभ्य निघाला. मातीचा हा प्रयोग कल्पक आहे असं म्हणून त्याने विचारलं की तो कुठल्या प्रयोगशाळेत केला.

"घरी," जीना म्हणाली. "माझ्या आईने केला."

लोक हसले, टाळ्या झाल्या, पीएच.डी. मिळाली. माझी वाहवा झाली. मी इतका वैतागलो होतो! कोणीतरी तुमची उभ्या जन्माची कमाई पाण्यात बुडवावी, आणि त्यानंतर तुम्हाला पोहता येतं म्हणून हार घालावा, तसलं ते कौतुक.

परतताना टेम्पोत रेजिना पुढे खिडकीशी बसली, मधे जीना, आणि मी डब्यात, जीनाच्या मांडीवर. बराच वेळ रेजिना खुशीत बोलत होती, कोण काय म्हणालं, कोणी कसली साडी नेसली होती. मग तिने विचारलं, "मी भिजवायच्या आदी काय होतं त्यात?"

जीनाने सांगितलं. काळा खडक, समुद्र, खाली उतरणारे कण, सरकणारी सुई, सगळं सांगितलं. जे दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात सांगायला हवं होतं ते टेम्पोत सांगितलं.

"मंग कुटं होती ती सुई तवा?"

"माहीत नाही, आय. ते यालाच ठाऊक होतं. आता कोणालाच कळणार नाही."

मी वाट बघत होतो की रेजिना म्हणेल, चिखल तो चिखल, त्यात एवढं काय. ती तसं म्हणाली नाही. तिने डबा जीनाच्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतला. हायवे सोडून टेम्पो गोखिवऱ्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत शिरला तसे सगळे हादरे ती स्वतः खात राहिली आणि मला दोन्ही हातांनी सरळ धरून बसली. मला आता सरळ धरायची काही गरज नव्हती, मी कधीच वाळून खडखडीत झालो होतो. कुरकूर करायची माझी जन्माची खोड, पण त्या वेळी मी ती केली नाही.

तेव्हापासून मी रेजिनाच्या घरातल्या अल्तारावर, म्हणजे तिच्या देव्हाऱ्यावर, आहे, मेणबत्तीच्या बाजूला. जीना आता डॉ. जीना झाली. तिने मला कॉलेजात दाखवायला दोनदा मागितलं, रेजिनाने दिलं नाही. पाहुणे अजून चुंबक लावून बघतात आणि माझी चिडचिड होते.

तुम्ही वसई-विरारला राहत असाल तर माझं एक ऐका. तुमच्या इमारतीखाली, तुमच्या पार्किंगखाली माझे भाऊबंद अजून बसलेले आहेत, आपापली दिशा धरून. पाया खणाल, बोअर माराल, तुम्हाला कोण अडवणार? पण मातीचा गोळा वर आला तर तो उचलायच्या आधी कसा बसलाय तेवढं बघा. नंतर विचारून उपयोग नसतो, हे मी तुम्हाला स्वतःवरून सांगतो.

दर शनिवारी रेजिना अल्तार पुसते. मेणबत्ती उचलते, मरियेची मूर्ती उचलते, फुलदाणी उचलते. मला उचलत नाही. फडकं माझ्या भोवतीने फिरवते आणि पुढच्या कामाला लागते.